उजवा हात टोपीवर

— तसा न्हवं सायेब, तसा न्हवं! सलाम ठोकल्यागत करू नका, त्यानं काय कळायचं न्हाय. हात असा पालथा टोपीवर ठेवायचा — वाऱ्यानं टोपी उडत्या म्हनून धरावी तसा — आनि त्यो बी उजवा. समोरनं सायकल आली की हात टोपीवर, सायकल म्हागं गेली की हात खाली. बास, एवढंच. आनि वळून बघू नका, पाया पडते तुमच्या. चिंचंखाली माझ्याच बाजल्यावर फौजदार बसलाय, माझाच चहा पितोय, आनि त्येचं ध्यान समदं हिकडं हाय. कप तोंडाला लावा. हसा वाईच. फटफटीवाला मानूस चहावालीसंगं दोन शब्द बोलला तर त्यात काय चोरी हाय? — हां, असं. असंच हसत ऱ्हावा.

आता तुम्ही म्हनशीला, टोपीवरच हात कशापायी? पोलीस लांबनं वळखायचा कशावरनं, तर टोपीवरनं, म्हनून. कुनी काढली ही खूण, मला ठावं न्हाय. पर कागलापास्नं निपाणीपतूर जेवढं सायकलवालं हायत — दूधवालं, पानवालं, हद्दीपल्याडनं तांदूळ आननारं — समद्यास्नी ठावं हाय. वळख असू दे नायतर नसू दे, गाव कंचं, जात कंची, कोन इचारत न्हाय. उजवा हात टोपीवर म्हंजे म्होरं पोलीस बसल्यात — की समोरचा सायकल फिरवून उसातल्या पायवाटंनं गुल. आनि डावा हात टोपीवर म्हंजे रस्ता मोकळा हाय, बिनघोर या. लढाई लागल्यापास्नं संस्थानातला तांदूळ हिकडं इंग्रजाच्या खालसा मुलखात आनायला बंदी केल्या न्हवं — आता पोटाला काय हद्द कळत्या व्हय? तवापास्नं ह्या खुणेवर आमच्या चुली पेटत्यात सायेब.

पर आजचा फौजदार लई बेरकी. निपाणीकडनं जी सायकल आली ती अडवून ठेवल्या — त्या बघा, न्हाय, बघू नका, मी सांगते — कुंपनाला वळीनं लावल्यात, आनि मानसं उनात उकिडवी बसीवल्यात. म्होरं कुनालाच सोडंना. ‘सोडलं की खुणा करत जाताय भाड्यानू’ म्हनला. कळलंय त्येला. मला बी दम दिलाय, चहा टाकत ऱ्हायचं, चूल सोडून हलायचं न्हाय. एक बैलगाडी सोडली मगाशी, पर बैल जाऊन जाऊन किती जानार? आनि तेवढ्यात तुम्ही आलासा, कागलाकडं निगालेलं. अंगावर कोट, डोळ्याला चष्मा, बुडाखाली फटफटी — त्येनं उठून रामराम केला की तुमास्नी! तुमास्नी कोन अडवतंय? — बंदे री हवालदार, बंदे! आले, आले, साखर आनते! — थांबा सायेब, जाऊ नका. कप भरते, तुम्ही पीत ऱ्हावा.

— व्हय. आमचं मालकच येत्यात. खोटं कशाला बोलू? म्हैन्यातनं एकदा येत्यात, निपाणीच्या बाजारादिशी, गर्दीत खपून जातंय म्हनून. आता कागलाकडनं येतीलच. तुमास्नी लगेच वळखू येतील — काळी सायकल, म्हागं पोतं, डोक्याला पांढरी टोपी, आनि चालवताना डावा गुडघा भाईर काढत्यात, लहानपनी पडलतं झाडावरनं. वडगावात माग हाय आमचा, लुगडी इनायचं. हाय म्हंजे — हुता. सूत मिळंना झालं, माग बसला, म्हनून मी हितं मावशीच्या टपरीवर चहा इकते. वडगावात बायकांनी माझं इनलेलं काठ हात लावून बघितलंत सायेब, आनि हितं ह्या मेल्यांच्या कपबश्या धुते. जाऊ दे.

नाव? — आता काय सायेब, तुमचं बी लगीन झालेलं दिसतंय, मालकाचं नाव बाई घेत्या व्हय? अठरा वर्सं झाली, तोंडातनं काढलेलं न्हाय. उखान्यात घ्यायची येळ आली तवा बी मी पदर तोंडात धरून पळाले, सासू लई हसली. कुनी नाव इचारलंच तर मी आपलं मालकांच्या हातावर बोट ठेवते — कोपराच्या खाली गोंदलंय, जत्रंत गोंदून घेतलंय, हौस! — आनि म्हनते, वाचा. मला वाचाया येत न्हाय. पर त्या अक्षरांवर बोट फिरवलं की मला नाव घेतल्यागत वाटतंय. हसू नका — न्हाय, हसा, हसा, फौजदार बघतोय.

त्या गोंदनानंच घात केलाय बघा. फौजदाराला मालकाचं तोंड म्हाईत न्हाय. नाव तेवढं कळलंय आनि हातावर गोंदलंय हे कळलंय. म्हनून ज्याला त्याला बाही वर करायला लावतोय. दुसरं नाव सांगून सुटायची बी सोय न्हाय! आनि मी त्यांची कोन, ते त्येला ठावं न्हाय, न्हायतर माझी बी गत —

— काय म्हनलासा? तांदळासाठी बाह्या कशाला बघतोय? —

अवं, तांदूळच. तांदूळ आनत्यात की. — तसं बघू नका माझ्याकडं. — बरं, आता सांगते, तोंडातनं गेलंच हाय तर. भादव्यात ती चावडी जळली न्हवं, चले जावच्या गडबडीत — ती मालकांनी जाळली न्हाय, देवाशप्पत न्हाय! पोरं आली, म्हनली राकेलचा डबा सायकलवर घाला, तेवढा पोचवा. ह्येंनी पोचवला. मी म्हनलं, नगा. म्हनलं, तुमची सायकल हाय ती माझ्या पोटासाठी हाय, राज्य घालवायला न्हाय. तर माझ्यावरच खेकसलं. तवापास्नं हद्दीपल्याड. धरलेल्यातल्या कुनीतरी मार खाऊन नाव सांगितलं. आता घावलं तर हिंडलग्याचा तुरुंग, आनि त्याच्या आधी ह्यो फौजदार. ती उनात बसलेली मानसं बघितलीसा न्हवं? एकाच्या कानातनं रगात येतंय. आनि त्यो नुसता दूधवाला!

— कप का ठेवलासा? सायेब, असं करू नका. तुमास्नी यात काय हुनार न्हाय. तुम्ही टोपी धरलीसा, वारं हाय, कोन काय म्हनतंय? माझ्या भावासारखं हायसा. चहाचं न्हाय मागत, जल्माचं मागते. एक हात. एक हात वर करायचा, दुसरं काय न्हाय. — करतासा? करतासा न्हवं? देव तुमचं भलं करू दे! एकदा करून दावा, हळूच, मिशा पुसल्यागत करून — हां —

हे काय? डावा न्हवं! डावा न्हवं सायेब, उजवा! डावा म्हंजे ‘या’! — का? उजव्यात काय हाय? — मूठ? ती सोडली की फटफटी आचके देत्या? — अरं देवा. अरं माझ्या देवा. सायकलवाल्याला दोन्ही हात सारखं, मला काय म्हाईत फटफटीचं! — आता सुचू दे, सुचू दे — हे बघा, त्या बाभळीपाशी वळन हाय, तिथं थांबवा. बिघडली म्हना. उतरा, उजवा हात टोपीवर ठेवून इंजनाकडं बघत हुबं ऱ्हावा, कोन बी बघतंय असं. — हितनं दिसतंय? दिसू दे की! — फौजदार चौकशीला येईल? तुमच्या फटफटीची चौकशी करंल सायेब, तुमची बाही न्हाय वर करनार! — न्हाय? न्हाय का म्हनतासा? मगाशी व्हय म्हनलासा की. चावडी म्हनल्यावर तुमचा चेहराच उतरला. मी कशाला बोलले, माझं त्वांड जळू दे, तांदूळच म्हनायचं हुतं, तांदूळच —

थांबा.

त्यो गुडघा.

आलं. बाभळीपाशी आलं, सायेब, बघा, येवढ्या लवकर — अवं, बसा फटफटीवर, निगा, कायबी करा! — चालू हुईना? मग ऱ्हाऊ द्या, गप ऱ्हावा. मी हात ठेवते. हा बघा, उजवा हात, पदरावर, टाळूवर, ठेवला की वं! — न्हाय, कळंना त्यास्नी. बाईमानूस पदर सावरतंय, असंच वाटनार. ही खूण गड्यांची. माझ्या डोक्यावर कुठली टोपी? — अवंऽ! अवं, फिराऽ! — ऐकू न्हाय गेलं. रस्त्यानं कुनाची बी बायकू ‘अवं’ म्हनत्या, कोन वळून बघतंय? — हवालदार उठला. उठला बघा. —

रवळूऽऽ! रवळूऽऽ! फिराऽ म्हागं!

…

थांबलं.

सायेब, थांबलं की वं. फिरा म्हनलेलं ऐकूच गेलं न्हाय, नाव तेवढं गेलं. पाय टेकवून हुबं हायत. अठरा वर्सांत पयल्यांदा — अवं, हसायला लागल्यात. हात वर करून हसत्यात माझ्याकडं बघून.

जावा सायेब तुम्ही. चहाचं ऱ्हाऊ द्या. जावा म्हनते न्हवं! बाजूला व्हा, मला रस्ता दिसू द्या.