रुमालाखालचा सौदा

सौदा काय फक्त बाजारातच होतो? अहो, नव्वदच्या दशकात सुरतेतल्या आमच्या लिंबायतचे पाटील सर विज्ञान संघटना चालवायचे. कापड गिरण्यांचं रंगाचं सांडपाणी साफ करायचं शास्त्र शिकायला आपली पोरं जर्मनीला जावीत, हाच त्यांचा ध्यास. तिथल्या संघटनेचे एक म्हातारे प्रोफेसर सुरतेला आले. बैठक माझ्याच साडीच्या दुकानात. पण किती पोरं बोलवायची, हा आकडा भिडेपोटी कुणीच काढेना. "तुम्ही सांगा." "छे, तुम्हीच सांगा." चहा गार झाला.

शेवटी मी म्हटलं, "सर, आपल्या धुळ्याच्या बैलबाजारात काय करतात?" आणि दोघांच्या हातांवर माझा रुमाल टाकला. सरांनी पाहुण्यांना इंग्रजीत रीत समजावली: जितकी पोरं, तितकी बोटं दाबा. पाहुणे खुदकन हसले आणि त्यांनी बोटं दाबली.

सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "शेठ, चार! मी तर दोनच मागणार होतो. सांगून टाकतो त्यांना, उगाच फसवणूक नको."

मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. "सर, आधी थँक्यू म्हणा!"

चार पोरं जर्मनीला गेली. सर मात्र त्या दिवशी पाहुण्यांना निरोप द्यायला लंगडतच उठले.