गाडी बाजूला घ्या, दादा

शेअर टॅक्सीत मी एकटीच मागे होते. मनात नाम चालू होतं, पण कान पुढे होते. गाड्यांच्या रांगेत अडकल्यामुळे टॅक्सीवाले आणि त्यांच्या शेजारी बसलेली, परदेशातून सुट्टीवर आलेली एक नर्स यांच्या गप्पा रंगल्या होत्या.

“तिकडे एवढी गर्दी नसेल ना, ताई?”

“असते हो. फक्त हॉर्न वाजवत नाहीत, मनातल्या मनात शिव्या देतात.”

“आणि हवा?”

“आत्ता बर्फ पडतोय. पण तुम्हाला केवढा घाम आलाय!”

“सकाळपासून असंच चाललंय. दवाखाने तरी स्वस्त असतील?”

“कसले स्वस्त! ॲम्ब्युलन्सच्या बिलाला घाबरून लोक छातीत दुखत असताना स्वतः गाडी चालवत येतात. एकजण तर आमच्या पार्किंगमध्येच गेला.”

“बाप रे! इथंही तेच. डॉक्टरांनी मला तपासण्या सांगितल्यात. म्हटलं, आधी पोरीची फी भरू.”

“कसल्या तपासण्या?”

“जिना चढलो की दम लागतो. आज डावा हातही जड झालाय. झोपेत अंगाखाली आला असेल.”

“दादा, गाडी बाजूला घ्या.”

“अहो, रांग सुटतेय आता!”

“आत्ता घ्या! ॲम्ब्युलन्स या गर्दीतून कधी येणार? इकडे बसा, मी चालवते.”

“मागे भाडं आहे, ताई.”

“माझं राहू द्या हो,” मी म्हणाले.

त्यांनी जागा बदलल्या. नर्सने स्टिअरिंग धरलं आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

“काकू, तिकडे उजवीकडून चालवतात!”

“मी सांगते. डावीकडून घे, बाळ. डावीकडूनच.”

“ताई...”

“बोलू नका, दादा.”

“त्या पार्किंगमधल्या माणसाला... मुलं होती का हो?”