साध्यावर चालते

पंपवाली: साधं की प्रीमियम?

नवरा: साधं.

बायको: प्रीमियम.

पंपवाली: काका, काकू, दोघांपैकी एकानंच सांगा. मागे रांग लागलीय.

नवरा: साधं गं, साधं. तेही थोडंसंच. पोचण्यापुरतं.

बायको: प्रीमियम, टाकी फुल. आणि अहो, झाकणाचा खटका माझ्या सीटखाली आहे. मी ओढल्याशिवाय आत थेंब जायचा नाही. उगाच बाहेर उभं राहून हुकूम सोडू नका.

नवरा: अगं, अर्ध्या तासात गाडी दुसऱ्याची होणार! माझ्या ऑफिसच्या साहेबांच्या दारात उभी करायची, त्यांच्या मुलाच्या हातात किल्ली द्यायची, आपण टॅक्सीनं घरी. त्या पोराला आपण भारीतलं पेट्रोल का पाजायचं?

बायको: त्याला कोण पाजतंय? हिला पाजायचंय. घरातून कुणी कायमचं निघालं तर त्याला उपाशी धाडतात का?

नवरा: झालं! गाडी नाही, लेकच सासरी निघालीय हिची.

बायको: लेक सासरी गेली तेव्हा इतकं वाईट नव्हतं वाटलं. तिनं स्वतः निवडलं होतं.

पंपवाली: काकू, नळी हातात धरून हात दुखायला लागला.

बायको: दोन मिनिटं, बाई. या माणसानं जन्मभर ऑफिसचं स्टोअर सांभाळलंय. कुणी दहा फायली मागितल्या की सहा द्यायचे आणि म्हणायचे, एवढ्यात भागव. निवृत्त झाले तरी खोड जात नाही.

नवरा: भागायचं की नाही त्यांचं? भागायचं! आणि तुझं ते प्रीमियम म्हणजे निव्वळ जाहिरात. नळीचा रंग वेगळा, बोर्ड मोठा, आत माल तोच. गाडीला काय जीभ आहे चव कळायला?

बायको: आमच्या ड्रायव्हिंगच्या शिकवणीच्या डबड्याला नव्हती. त्यात काहीही ओता, ते आपलं खोकत खोकत चौकापर्यंत जायचं. हिला आहे जीभ. झाकणाच्या आतल्या बाजूला छापलंय, जास्त ऑक्टेनचंच घाला म्हणून. हिचं इंजिन पेट्रोल फार दाबून जाळतं. साधं घातलं की ते वेळेआधीच पेट घेतं आणि इंजिन आतून ठोकायला लागतं. पन्नास वेळा सांगितलंय तुम्हाला.

नवरा: कंपनीवाले घाबरवायला छापतात. साध्यावरही चालते ती. चांगली चालते.

बायको: चालते?

नवरा: चालते म्हणजे... चालत असणार. लोक म्हणतात.

पंपवाली: चालते की, काकू. परवा यांनी साधंच भरलं होतं. मीच होते पंपावर. अशी पिवळीधमक, बुटकी गाडी दुसरी नाही इकडे, म्हणून लक्षात राहिली. मी विचारलंही, काका, असल्या गाडीला साधं चालतं? तर म्हणाले, बिनधास्त टाक, चालतं.

(मागच्या गाडीचा लांबलचक हॉर्न.)

बायको: वाजव बाबा, वाजव. शिकलास कुणाकडे? माझ्याकडे असतास तर हॉर्नवरचा हात काढायला लावला असता. अहो. इकडे या. खिडकीपाशी या. आणखी खाली वाका.

नवरा: माझे गुडघे...

बायको: वाका. परवा तुम्ही हवा भरायला म्हणून गाडी घेऊन गेलात. येताना पेट्रोलही भरून आणलंत. मी किती खूश झाले होते! म्हटलं, चला, शेवटी गोडी लागली माणसाला. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याचा चढ चढत होते आणि गाडी टकटक करायला लागली. रिकाम्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज. आठवतंय का, घरी येऊन मी तुम्हाला काय विचारलं?

नवरा: आठवत नाही.

बायको: मला आठवतंय. विचारलं, पेट्रोल कुठलं भरलंत? तुम्ही पेपरातून डोकंही वर न काढता म्हणालात, "नेहमीचंच."

नवरा: ते काही खोटं नव्हतं. माझं नेहमीचं साधंच असतं.

बायको: वा! वा रे वा! म्हणजे शब्दही स्टोअरमधून मोजून काढलात.

नवरा: हे बघ, मी भरलं तेव्हा माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं. देवाशपथ. हात सवयीनं साध्याच्या नळीकडे गेला, एवढंच. टकटकीचं तू सांगितलंस तेव्हा माझ्या लक्षात आलं.

बायको: आणि लक्षात आल्यावर?

नवरा: मागे केवढी रांग झालीय बघ.

बायको: सांगते मी. लक्षात आल्यावर तुम्ही पेपराची घडी घातलीत, माझ्या शेजारी येऊन बसलात, इतक्या मायेनं की मला वाटलं ताप आलाय की काय यांना. आणि म्हणालात, "वय झालं तिचं. आता देऊन टाकू या." अहो, त्या चढावर मी गाडी बाजूला घेतली होती आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले होते. लोक काचेतून बघत जात होते. मला वाटलं संपलं. तिचं इंजिन गेलं, माझाही हात गेला, या वयात मी उगाच हौस केली. रात्रभर स्वतःला समजावलं मी. सकाळी उठून तुम्हाला हो म्हटलं. आणि आता कळतंय की ती टकटक तुमची होती!

नवरा: हळू बोल. लोक ऐकताहेत.

बायको: ऐकू देत. लोकांची भीती तुम्हाला. ती हिरवी छत्रीवाली शेजारीण मला म्हणते, आजी निघाल्या वाटतं रेसला. म्हटलं, हो, येतेस? बसायला एकच जागा रिकामी आहे. नवऱ्याचे गुडघे दुखतात.

पंपवाली: काकू, मी खरंच माफी मागते. माझ्या तोंडून उगाच...

बायको: तू कशाला माफी मागतेस? तू बोललीस म्हणून कळलं. हे तर तोंडात गुळणी धरून मला साहेबांच्या दारापर्यंत घेऊन चालले होते.

नवरा: तुला कारण ऐकायचंय का खरं? लोक हसतात म्हणून नाही. गुडघ्यांसाठी नाही. तू ही बेडकी घेऊन बाहेर पडलीस की मला घरात बसवत नाही. मी गच्चीत जाऊन उभा राहतो. त्या वळणावर पिवळं काही दिसेपर्यंत उभा असतो. पाणी प्यायलासुद्धा आत जात नाही. तुला वाटतं मी झाडांना पाणी घालायला जातो.

बायको: इतका वेळ कोणती झाडं पाणी पितात, हा प्रश्न मला पडला होता.

नवरा: थट्टा नको करूस. भीती वाटते मला. तू नसलीस तर माझं काय होईल, हे मला माहीत आहे. साधा चहासुद्धा... जाऊ दे. म्हटलं, गाडीच बिघडली असं समजतेयस तर समजू दे. भांडण न होता सुटेल सगळं.

बायको: हे आधी का नाही बोललात?

नवरा: बोललो असतो तर ऐकलं असतंस?

बायको: नाही. पण निकामी ठरले नसते मी माझ्याच डोळ्यांत. अहो, तीस वर्षं मी ड्रायव्हिंग शिकवलं. सकाळी डबा घेऊन निघायचे ते संध्याकाळी परत. शेजारी कोण बसायचं? ज्यांना क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे माहीत नाही ते. एकानं मला भिंतीत घातलं, एकीनं डोळे मिटून चौक ओलांडला. तेव्हा कुठे होतात तुम्ही गच्चीत?

नवरा: तेव्हा... तेव्हा तू कामाला जायचीस.

बायको: हं. कामाला जायचे. पगार घेऊन मरणाच्या तोंडात गेलं तर चालतं, हौसेनं गेलं तर गच्चीत पहारा!

नवरा: तसं नाही गं.

बायको: तसंच आहे. एक सांगते, कधी सांगितलं नव्हतं. त्या शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूला काय होतं ठाऊक आहे? एक क्लच आणि एक ब्रेक. बस. अॅक्सिलरेटर नव्हताच. तो शिकणाऱ्याच्या पायाखाली. तीस वर्षं माझ्या वाट्याला नुसतं थांबवणं होतं. कुणाचीही गाडी जरा वेग घ्यायला लागली की माझा पाय खाली. घरी आले तरी तेच. पोरीनं काही मागितलं, ब्रेक. मला काही हवंसं वाटलं, ब्रेक. साडी? साधी चालेल. चष्मा? जुना चालेल. सगळं आयुष्य चालेल, चालेल, चालेल! निवृत्तीनंतर ही गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या अंगणात बसून मी पहिल्यांदा खाली बघितलं. म्हटलं, अरे, तीन पेडल आहेत, आणि तिन्ही माझी.

पंपवाली: काकू...

बायको: साध्यावर चालते म्हणालात ना? असेल चालत. मी काही चालवायला घेतलेली नाही ही. पळवायला घेतलीय. चालायचं असेल तेव्हा मी चपला घालीन.

नवरा: आणि साहेबांना मी शब्द दिलाय त्याचं काय?

बायको: शब्द कुणाचा? तुमचा. गाडी कुणाची? कागदावर नाव कुणाचं आहे?

नवरा: तुझं. पण आपण सगळं आपलंच म्हणतो ना. आपली गाडी.

बायको: भरताना तुमचं नेहमीचं, विकताना आपलं! ते काही नाही. बाई गं, ऐकलास का आवाज? खटका ओढला. उघड झाकण. ते पिवळं लेबल दिसतंय का आत? काकांना दाखव. चष्मा लावून वाचू दे.

पंपवाली: काका, इथे बघा.

नवरा: दिसतंय. वाचता येतं मला.

बायको: मग वाचा की मोठ्यानं.

नवरा: "फक्त उच्च ऑक्टेन."

बायको: "फक्त." हा शब्द तुमच्या स्टोअरमध्ये कधी आला नाही वाटतं.

पंपवाली: काकू, शून्य बघून घ्या. प्रीमियम, फुल. पण तळाला थोडं परवाचं साधं असणार. त्यातच हे मिसळेल.

बायको: मिसळू दे. एक लांब चक्कर मारली की जाईल जळून. अहो, उभे काय राहिलात? बसा.

नवरा: कुठे जायचंय?

बायको: साहेबांकडे नाही, एवढं नक्की. दवाखान्याचा चढ चढायचाय. तिथे हिनं मान खाली घातली होती. मी पण घातली होती. आता दोघी ताठ मानेनं जाणार. तुम्हाला यायचं असेल तर या, नाहीतर गच्चीत जाऊन उभे राहा. आज मात्र रागानं सांगत नाही. खरंच विचारतेय.

नवरा: वेगात नेशील?

बायको: नेईन. पण आरसा बघून, सिग्नल देऊन, माझ्या हातानं. तीस वर्षांत माझ्या गाडीत कुणी मेलं नाही. शेजारी बसलात तर बघाल तरी. गच्चीतून नुसतं पिवळं दिसतं.

नवरा: दार धर. हा पाय आधी की तो?

बायको: आधी बूड टेका, मग दोन्ही पाय आत. हां. बघा, जमलं. बेल्ट.

पंपवाली: झाली टाकी फुल. काका, तुमचा फोन वाजतोय.

नवरा: साहेब आहेत. वाट बघत असतील. अगं, काय सांगू त्यांना? सांगतो, गाडीत जरा बिघाड निघालाय...

बायको: खबरदार! माझ्या गाडीला नावं ठेवलीत तर इथेच उतरवीन. जे आहे ते सांगा.

नवरा: बरं. बरं. थांब, गाडी चालू नको करूस, ऐकू येणार नाही... हॅलो. हो साहेब, नमस्कार. नाही, आम्ही येत नाही आहोत. ऐका ना, गाडी ठणठणीत आहे. काही म्हणजे काही बिघाड नाही. तसं नाही, साहेब. चूक माझी झाली. गाडी माझी नाही.