अण्णांना सुई कुणी दिली न्हाय

मंडळी, बाईमाणसानं सभेत बोलायला उठावं हे काहींना रुचलेलं न्हाय, ते मला दिसतंय. पण डॉक्टरअण्णा गेले आणि मी गप बसले, तर बोलणार कोण?

तुम्ही मला वळखता. आमची तंबाखूची वखार. माझ्या नवऱ्याच्या, मालकांच्या, घशात गाठ झालती. पाणी उतरत नव्हतं. त्यांचं वरडणं तुम्ही पेठेत बसून ऐकलंय. ऐकलंय का न्हाय?

मी अण्णांचे पाय धरले. म्हटलं, "अण्णा, बरं न्हाय केलं तरी चालंल, पण ह्यांचं वरडणं थांबवा." अण्णा म्हणाले, "आक्का, सुई दिली तर झोप लागंल. त्या झोपेतनं उठतीलच असं न्हाय." मी म्हटलं, "द्या."

मालक झोपले. झोपेतच गेले. तोंडावर एक आठी नव्हती.

दीर परगावी होते. भावाचं शेवटचं तोंड बघायला मिळालं न्हाय, त्या रागात त्यांनी फौजदाराकडं अर्ज दिला. डॉक्टरनं माणूस मारला म्हणून! अण्णांना बेळगावला नेलं. खुनाचा खटला. मी साक्ष दिली, "मीच द्या म्हटलं." ह्या पेठेतनं दुसरं कोण आलं? कुणी न्हाय. कुणाला काम हुतं, कुणाला दिराची भीड हुती.

अण्णा निर्दोष सुटले. पण पुन्हा ती सुई त्यांनी हातात धरली न्हाय. लोक विनवण्या करायचे, आणि अण्णा भिंतीकडं तोंड करून रडायचे.

आणि औंदा त्यांच्याच पोटात गाठ झाली. मी निपाणी पालथी घातली, चिकोडीला गेले. सगळ्या डॉक्टरांचं एकच, "आक्का, अण्णांचं काय झालं ते बघितलंय न्हवं?" अण्णा वरडत गेले, मंडळी. लई वरडले.

ते डॉक्टर इथं बसलेत. त्यांच्यावर माझा राग न्हाय. राग तुमच्यावर हाय.

आता तुम्ही श्रद्धांजलीला उठायला लागलाय. थांबा. बसा खाली. उद्या तुमच्यातलंच कुणीतरी असंच तळमळत असंल. डॉक्टर सुई देतील आणि दारात फौजदार येईल. तवा कोर्टात येऊन खरं सांगायची ज्यांची तयारी हाय, त्यांनीच अण्णांसाठी उभं ऱ्हावं. बाकीच्यांनी बसूनच ऱ्हावं.

दोन मिनिटं कुणी बोलू नका. मी बघते.