दोन बोटं सैल

शिक्षिकाबाईंची शस्त्रक्रिया आठवड्यावर आली होती. त्यानंतर घालायच्या तंग अंतर्वस्त्राचं नवं कोरं पाकीट मांडीवर धरून त्या डॉक्टरांच्या दाराबाहेर बसल्या होत्या. शेजारी मायलेकी होत्या.

“नीट टेकून बस ना गं.”

“बसवत नाही, आई. ह्या तंग कपड्याने पोटापासून गुडघ्यापर्यंत आवळलंय. अजून तीन आठवडे काढायचेत.”

“मांडीची चरबी काढून छातीत भरली, आणि शिक्षा पुन्हा मांडीलाच!”

“शिक्षा कसली? सूज उतरावी म्हणून असतं ते. पण उतरतच नाही. आज डॉक्टर ओरडणार.”

“सांग, धुऊन धुऊन सैल पडलं.”

“धुऊन?”

“…मी उसवलं गं. तू आंघोळीला गेलीस तेव्हा. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं पट्टी घालून परत टीप मारली. तुझ्या अंगावरचे वळ बघवेनात मला.”

“माहितीय.”

“काय माहितीय?”

“शाळेचे सगळे फ्रॉक तूच शिवलेस ना? तुझी टीप मी ओळखणार नाही होय?”

“मग बोलली का नाहीस?”

“त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली, आई.”

नर्सने हाक मारली. लेक बाकाला धरून उठली.

“आत मी बोलेन. तू इथेच बस, आणि तोंड उघडू नकोस.”

दार लागलं. शिक्षिकाबाई पाकीट घेऊन जरा जवळ सरकल्या.

“अहो ताई, तुमचं शिवणाचं दुकान कुठे आहे?”