बाईंनी लावलेली बट्टी

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई आणि तिची पाच-सहा वर्षांची लेक नंबरची वाट बघत बसल्या होत्या.

"बाई तर म्हणाल्या, तुमची बट्टी झाली."

"बाईंनीच आमची बोटं धरून जुळवली. मी नाही केली."

"अगं, तिने सॉरी म्हटलं ना?"

"बाईंकडे बघून म्हटलं. ठोकळ्यांचं घर माझं पाडलं, बाईंचं नाही."

"किती ताणशील? जिवलग मैत्रीण ना तुझी?"

"आहेच. म्हणून तर कट्टी."

"आणि खिशात हे अर्धं बिस्किट कोणासाठी?"

"तिच्यासाठी."

"कट्टी आहे ना?"

"म्हणून काय तिला उपाशी ठेवू? उद्या देईन. पण बोलणार नाही म्हणजे नाही!"