नळ्यांचा बाजा

(मोमिनाबाद, निजामाचा अंमल. पत्र्याच्या टॉकीजमध्ये गावातला पहिला बोलपट लागला आहे. आजवर मूकपटांना नळ्यांचा बाजा, म्हणजे मोठा ऑर्गन, वाजवणाऱ्या मंजुळाबाई आज तिकीट काढून बसल्या आहेत. त्यांच्यापुढे टॉकीजचे मालक बद्रीनाथशेठ हात जोडून उभे आहेत.)

बद्रीनाथ : बाई, मेहरबानी करा. जल्दी उठा, बाजावर बसा!

मंजुळाबाई : कावून? पिच्चर बघायलेय मी.

बद्रीनाथ : काय बघायलात? मानसं नुसती तोंडं हलवायलेत! आवाजाची मशीन रुसली. पब्लिक बाकडी आपटायलंय. तहसीलदारसाहेब पुढं बसून मिशा चावायलेत.

मंजुळाबाई : सकाळीच नारळ दिलात की मला. नुसतं बोलायला न्हाई, खराखुरा नारळ, वर खण. "आता पडदाच बोलतो, बाजाचं काम सरलं," असं कोण म्हणलं?

बद्रीनाथ : मी म्हणलो. गाढव हाय मी.

मंजुळाबाई : गलका लई हाय, शेठ. ऐकू आलं न्हाई.

बद्रीनाथ : गाढव हाय मी!

आश्रुबा (बाजाचा भाता मारणारा गडी) : शेठ, मला हाक मारली का?

बद्रीनाथ : तू इथं काय करायलास बे? भात्यावर जा! बाजात वारा भर!

आश्रुबा : भाता तर सोडवून ठिवलाय. तुमीच म्हणलात, नळे मोडीत घालायचेत.

मंजुळाबाई : मोडीत? शेठ, छावणीतली पलटण गेली, तिथलं चर्च बंद पडलं, तवा कोण हौसेनं गाड्यांवर घालून आणलं हे धूड? दारातून शिरंना म्हणून आधी बाजा ठिवला, मग त्याच्याभवती टॉकीज बांधली. सोयऱ्यांना पिच्चर कमी आन् बाजाच जास्ती दाखवत होतात!

बद्रीनाथ : म्हणून तर मोडूनच काढावा लागतो, बाई. आख्खा निघत न्हाई.

मंजुळाबाई : मग काढूच नका. घ्या शपथ.

बद्रीनाथ : जोगाईची आन! बाजा हलणार न्हाई. आता उठा, न्हाई तर पब्लिक पत्रे काढून नेईल.

मंजुळाबाई : बसते बाजावर. आश्रुबा, जा पडद्यामागं. जोड भाता.

आश्रुबा : जोडला बाई! येतो का वारा?

मंजुळाबाई : येतो. पडद्यावर राणी रडायली. हळू मार.

आश्रुबा : मेंढीला पान्हा सोडवतो तसा मारायलोय.

मंजुळाबाई : आता घोडे आले. मार जोरात! मोठा नळा सोडते.

बद्रीनाथ : तो नका सोडू! पहिल्या खेळाला त्यो घुमला आन् आर्धं गाव "वाघ आला" म्हणून पळालतं!

मंजुळाबाई : सोडला.

आश्रुबा : शेठ, पळाले का?

बद्रीनाथ : न्हाई... बसलेत! तहसीलदारसाहेब "वाहवा" म्हणायलेत! वाजवा बाई, वाजवा... अरे! आवाज आला! मशीन चालू झाली! बास, थांबा, थांबा!

मंजुळाबाई : थांबले.

आश्रुबा : बाई, ही राणीच बोलायली?

मंजुळाबाई : व्हय.

आश्रुबा : गळा कसा हाय हो?

मंजुळाबाई : गोड हाय. आपल्या बाजाला न्हाई जमायचं तसं.

बद्रीनाथ : बाई, मन खट्टू करू नका. उद्याबी या. मशीनचा काय भरोसा?

मंजुळाबाई : येईन. आन् तिकीट काढणार न्हाई. आश्रुबा, अजून भाता कावून हाणतोस? वाजवत न्हाई मी.

आश्रुबा : हात राहीना बाई. सवय लागली.

मंजुळाबाई : सोड आता. पडद्यामागनं बाहेर ये. माझ्याजवळ बसून समोरनं बघ.

आश्रुबा : मागनं समदं दिसतं की.

मंजुळाबाई : ये म्हणते ना.

आश्रुबा : सरका जरा... आगं आई!

मंजुळाबाई : काय झालं?

आश्रुबा : हा राजा उजव्या हातानं तलवार धरतो व्हय? इतकी वर्सं मला वाटायचं, समदे राजे डावरेच असतेत.